पुढे कवी, मागे कारकून

आमच्या गॅलरीतल्या मोगऱ्याने दोन उन्हाळे एकही कळी धरली नाही. पानं मात्र भरपूर, हिरवीगार, तुळतुळीत. एखाद्याची तब्येत ठणठणीत असावी आणि कामधंद्याच्या नावाने शून्य, तसं ते झाड कठड्याला टेकून उभं होतं. बायकोने निदान केलं, "अहो, त्याला खायला घाला काहीतरी." बत्तीस वर्षं बँकेत काढून निवृत्त झालेल्या माणसाकडे घरातली जी खाती येतात त्यांत दूध, लाइट बिल आणि झाडं ही प्रमुख. त्यामुळे खतखातं आपोआप माझ्याकडे आलं.

आमच्या गावी, वाईच्या अलीकडे, खत ही विकत आणायची गोष्टच नव्हती. ते होत असे. गोठ्यामागे उकिरडा, त्यात शेण, गोठ्यातला केर, चुलीतली राख. आणि वळवाचे दोन पाऊस पडायच्या आत ते सगळं गाडीत भरून रानात. त्यावर कुणी काही लिहीत नसे, लिहिणार कुठे? "बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात," असं आजी म्हणायची. ते फिटलेले पांग मी परवा डोळ्यांनी पाहिले. पुण्यातल्या एका वातानुकूलित दुकानात उकिरडा चकचकीत पिशवीत, झिप लावून, किलोला १४९ रुपये या भावाने ऐटीत उभा होता.

एकटा नव्हता. अख्खी भिंत होती. सेंद्रिय, नैसर्गिक, जैविक, ऑरगॅनिक, बायो, इको, वेदिक, रसायनमुक्त, शंभर टक्के शुद्ध. पिशवी कसलीही असो, तिच्यावर दोन ओंजळी, ओंजळीत माती, मातीत दोन पानांचा कोंब. ओंजळ धरणाऱ्याच्या नखात माती नव्हती. ज्याने आयुष्यात एकदा तरी कुंडी भरली आहे त्याला एवढ्यावरून कळतं की हा माणूस भाड्याने आणलेला आहे.

"काका, ऑरगॅनिक दाखवू की नॅचरल?" दुकानातल्या मुलाने विचारलं.

"फरक काय दोघांत?"

तो प्रामाणिक होता. क्षणभर विचार करून म्हणाला, "नॅचरल वीस रुपयांनी महाग आहे."

मी ऑरगॅनिक घेतलं. घरी आल्यावर चष्मा बदलला, भिंग काढलं आणि पिशवी उलटी केली. ही माझी जुनी खोड. कर्जाच्या कागदांवरची जी अक्षरं कर्जदाराने वाचू नयेत अशा आकारात छापलेली असतात, ती वाचण्यात माझी उमेद गेली. तेव्हा जे कळलं होतं तेच खताच्या पिशवीलाही लागू पडलं. छापील मालाच्या पुढच्या बाजूला कवी बसलेला असतो आणि मागच्या बाजूला कारकून. दोघांची ओळख नसते. कवी म्हणतो, 'मातीच्या कुशीत परतूया'. कारकून म्हणतो, 'ओलावा १५ ते २५ टक्के'.

आधी कवीकडे बघू, कारण पैसे आपण त्याला देतो.

'सेंद्रिय' हा शब्द सोडवला तर 'स-इंद्रिय', म्हणजे इंद्रियं असलेला. ऑर्गन म्हणजे इंद्रिय, म्हणून ऑरगॅनिक म्हणजे सेंद्रिय. ज्याने हे केलं त्याने इमानाने केलं. उलट ते निरिंद्रिय. शाळेत आम्हाला सेंद्रिय रसायनशास्त्र नावाचा विषय होता, आणि त्यात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, इतका साधा हिशेब होता. त्या हिशेबाने रॉकेल सेंद्रिय आहे. ही चकचकीत पिशवी ज्या प्लास्टिकची आहे तेही सेंद्रिय आहे. आणि आता मी जे सांगणार आहे ते त्या दुकानात मोठ्याने म्हणायची सोय नाही: युरियासुद्धा सेंद्रिय आहे.

नुसता सेंद्रियच नाही, या बाबतीत तो मूळपुरुष आहे. सजीवांच्या शरीरात सापडणारे पदार्थ प्रयोगशाळेत होत नाहीत, त्यांना काहीतरी प्राणशक्ती लागते, असा एकेकाळी पक्का समज होता. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निरिंद्रिय द्रव्यांपासून युरिया बनवला आणि आपल्या गुरूला, बर्झेलियसला, पत्राने कळवलं की मूत्रपिंडाची मदत न घेता मी युरिया करू शकतो. गुरूला असं पत्र लिहायला धारिष्ट लागतं. तर ज्या पदार्थापासून माणसाने बनवलेल्या सेंद्रिय रसायनांची गोष्ट सुरू होते, तोच पदार्थ आज 'सेंद्रिय नाही' याचं उदाहरण म्हणून दिला जातो. शब्दाचं नशीब.

शेतीतला 'ऑरगॅनिक' निराळ्या वाटेने आला. लॉर्ड नॉर्थबोर्न नावाच्या इंग्रज उमरावाने १९४० साली 'लुक टू द लँड' या पुस्तकात तो रूढ केला. त्याच्या डोक्यात कार्बन नव्हता. शेत हाच एक सबंध सजीव देह आहे, गुरं, माती, पिकं, माणसं ही त्याची इंद्रियं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे 'सेंद्रिय' हे विशेषण मुळात शेताचं होतं, पिशवीचं नव्हतंच. त्याच वर्षी अल्बर्ट हॉवर्डचंही गाजलेलं पुस्तक आलं. हा गृहस्थ १९०५ साली हिंदुस्थानात सरकारी शेतीतज्ज्ञ म्हणून आला, आपल्या शेतकऱ्यांना शिकवायला आलेला इथे शिकत बसला, आणि इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात त्याने कचरा, शेण, माती थरांवर थर देऊन कुजवण्याची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, "मग आपण काय करत होतो?"

दुसरा शब्द 'जैविक'. इथे तर भाषावार प्रांतरचनेचाच घोळ आहे. हिंदीत ऑरगॅनिकला जैविक म्हणतात. आपल्याकडे ते सेंद्रिय. मराठी शेतकरी 'जैविक खत' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा जिवाणू खत म्हणायचं असतं: रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ज्यांना कृषी सेवा केंद्रात नुसतं 'पीएसबी द्या' म्हणतात. हे जिवाणू स्वतः अन्न नव्हेत. ते अन्न मिळवून देणारे. आता पिशवीवर हिंदीत छापलंय 'जैविक खाद', मराठीत कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून केलंय 'जैविक खत', आणि आत आहे शेण. आचारी बोलावला म्हणून सांगावं आणि दारात डाळीचं पोतं उतरावं, इतका हा फरक आहे.

जिवाणूंच्या बाबतीत कारकून फार कडक आहे. वाहकात मिसळलेल्या खताच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूप असेल तर मिलिलिटरला १० कोटी. मला हे वाचून आदर वाटला. एका ग्रॅममध्ये पाच कोटी गुण्यागोविंदाने राहतात. आमच्या सोसायटीत चव्वेचाळीस बिऱ्हाडांना पार्किंग पुरत नाही. पण ते जिवंत असतील तर खत. म्हणून बाटलीवर बनवल्याची तारीख, मुदत, आणि 'थंड व सावलीच्या जागी ठेवावे' असं लिहिलेलं असतं. मी पाहिलेली बाटली एप्रिलच्या उन्हात पश्चिमेच्या काचेला लावून मांडली होती, गिऱ्हाइकाला नीट दिसावी म्हणून. आतल्या दहा-दहा कोटींचं काय झालं असेल ते असो. त्यावरचं हिरवं पान मात्र टवटवीत होतं.

तिसरा शब्द 'नैसर्गिक'. याचा मला अनुभव आहे आणि तो जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या पिशवीने कळी आली नाही, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी सल्ला दिला की फुलांना स्फुरद लागतं. (नत्र, स्फुरद, पालाश हे मराठी शब्द ज्यांनी घडवले त्यांना माझा नमस्कार. पोटॅशला पालाश म्हणणाऱ्याचा कान तयार असला पाहिजे.) मी पुन्हा त्या भिंतीपुढे जाऊन उभा राहिलो आणि 'फुलांसाठी खास, १०० टक्के नैसर्गिक' अशी पिशवी उचलली. पुढे ओंजळ, कोंब, आणि कोपऱ्यात एक हिरवा गोल. आपल्याला खाण्याच्या पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका बघायची सवय. मला वाटलं, छान.

घरी भिंग लावलं. कारकुनाने एका शब्दात सगळं सांगितलं होतं: बोनमील. हाडांचा चुरा. स्फुरद वीस टक्क्यांच्या पुढे, झकास. शंभर टक्के नैसर्गिक, त्याबद्दल वादच नाही. हाडाहून नैसर्गिक काय असणार? पण तो श्रावण होता, आणि त्यातही संकष्टी.

"हे घरात येणार नाही," बायको म्हणाली.

"अगं, खत आहे. मोगऱ्यासाठी."

"तो मोगरा मी देवाला वाहणार ना?"

या प्रश्नाला तीस वर्षांच्या संसारात उत्तर सापडलेलं नाही. पिशवी दाराबाहेर चपलांच्या कपाटावर गेली. रात्री तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं, ज्याला त्याचे मालक शुद्ध शाकाहारावर वाढवतात आणि ज्याच्या डोळ्यांत त्याबद्दलची तक्रार कायम असते, ते फिरायला निघालं आणि आमच्या मजल्यावर थांबलं. कवीचे शब्द त्याला वाचता येत नव्हते, कारकुनाचेही नाहीत. तिसरंच ज्ञानेंद्रिय वापरून त्याने पिशवीतलं काय आहे ते तत्काळ ओळखलं. सकाळी जिन्यावर पांढरी रांगोळी होती. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'कुणाच्या घरी काय चालतं' या विषयावर जी चर्चा झाली ती श्रावण संपला तरी संपली नव्हती. मी पिशवीच्या पुढच्या बाजूचा फोटो टाकला. '१०० टक्के नैसर्गिक आहे हो,' असं खाली लिहिलं. कुणीतरी लगेच मागच्या बाजूचा फोटो टाकला. आमच्या इमारतीत अजून एक कारकून आहे हे त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून 'नैसर्गिक' या शब्दाकडे मी सावधपणे बघतो. अळूची खाजही नैसर्गिकच असते. पालाश घ्या: ज्याला शेतकरी एमओपी म्हणतो ते खत म्हणजे आटलेल्या समुद्रांचं मीठ, खाणीतून खणून काढलेलं. निसर्गाने ते कोट्यवधी वर्षं मुरवलंय. पण ते दुकानाच्या रासायनिक बाजूला गोणीत पडून असतं, त्याला ओंजळ नाही, कोंब नाही. आणि 'रसायनमुक्त' या शब्दावर तर मी बोलणारच नाही, कारण ज्या घरात ही पिशवी जाते त्याच घरात च्यवनप्राशाची बरणी असते आणि आयुर्वेदात त्याला रसायनच म्हणतात.

शिवाय 'नैसर्गिक' आणि 'सेंद्रिय' यांचं आपसांत पटत नाही, हे त्या एकाच फळीवर शेजारी उभ्या असलेल्या पिशव्यांना कुणी सांगितलेलं नाही. नैसर्गिक शेतीचा झेंडा आपल्याकडे अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी रोवला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रासायनिक शेतीला त्यांचा विरोध आहेच, पण सेंद्रिय शेतीलाही तितकाच आहे, आणि गांडूळखत तर त्यांच्या मते खपवून घेण्यासारखं नाही. त्यांचं जीवामृत वेगळं: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गायीचं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. मी हे मोठ्याने वाचलं. गूळ आणि डाळीचं पीठ येताच बायकोने मान वर केली. "म्हणजे पुरणाचा शिधाच की. मग वर कटाची आमटीही वाढा त्याला." आमचा मोगरा एका कुंडीत आहे आणि ते प्रमाण एकराचं, हे मी तिला सांगितलं नाही.

आता कारकुनाकडे वळू. त्याचं कुणी कौतुक करत नाही.

आपल्याकडे १९८५ सालचा खत नियंत्रण आदेश आहे. सेंद्रिय आणि जिवाणू खतं त्याच्या कक्षेत २००६ साली आली. त्यात गांडूळखत म्हणजे काय ते तक्त्यात लिहिलंय: रंग गडद तपकिरी ते काळा, घाण वास नसावा, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, नत्र किमान एक टक्का, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी ०.८. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतात शिसं किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर नको, पारा ०.१५ च्या वर नको. नत्राला रकाना आहे, शिशाला आहे, वासालासुद्धा आहे. 'भूमातेचा स्पर्श' याला रकाना नाही. 'नैसर्गिक' यालाही नाही. म्हणून कवी तो शब्द इतक्या मोकळ्या हाताने वापरतो.

ओलाव्याच्या रकान्यापाशी मी थबकलो. १५ ते २५ टक्के. म्हणजे '१०० टक्के सेंद्रिय' अशी गांडूळखताची जी पिशवी मी १४९ रुपयांना आणली, तिच्यात पाव किलोपर्यंत पाणी असायला कायद्याची हरकत नाही. आमच्या गावचा गवळी बिचारा एवढ्यासाठी बदनाम होता. अर्थात गवळ्याचं पाणी नको असतं आणि खतातलं हवं असतं. कोरडं ठाक झालं तर आतली सूक्ष्म जिवांची वस्ती उठते. हे मला नंतर समजलं. तोपर्यंत दुकानदाराशी भांडण होऊन गेलं होतं.

याच सुमारास कऱ्हाडकडचा मामेभाऊ दवाखान्याच्या कामासाठी पुण्याला आला. त्याचा ऊस आहे. त्याने पिशवी हातात घेतली, पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही, सरळ उलटी केली. शेतकऱ्याला कवी दिसतच नाही.

"दादा, एक टक्का नत्र. म्हंजे किलोत धा ग्राम. कितीला घेतली?"

मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने हिशेब मांडला. युरियाचं पोतं ४५ किलोचं, साधारण २६६ रुपयांना. त्यात नत्र ४६ टक्के. दहा ग्रॅम नत्राला युरिया लागतो बावीस ग्रॅम. किंमत तेरा पैसे.

"तेरा पैसे, दादा," तो म्हणाला. गावी गेल्यावर हे किती जणांना सांगता येईल याची यादी त्याच्या डोळ्यांत दिसत होती.

"पण तुला ते पोतं सरकार स्वस्तात देतं."

"देतंय. पर दुकानदार म्हणतो लिंकिंगचं घे. पोत्याबरोबर एक बाटली गळ्यात मारतोय. तिच्यावर बी हिरवं पान असतंय."

आणि मग त्याने जे सांगितलं ते मला त्याच्या तेरा पैशांपेक्षा मोलाचं वाटलं. त्याच्या रानात युरिया आणि पाणी यांची इतकी वर्षं चैन झाली की एक तुकडा क्षारपड होऊन पांढरा पडलाय. आता तो स्वतः शेणखताच्या ट्रॉल्या शोधत फिरतो, कारखान्याचं प्रेसमड आणतो, पाचट जाळायचं बंद करून सरीत कुजवतो. "युरिया म्हंजे दादा, सलाईन. माणूस उठतोय. पर सलाईनवर जगतोय व्हय कोण?" आणि त्याच्याही युरियाच्या पोत्यावर कडुनिंबाचं नाव असतं, २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला निंबोळीतेलाचा लेप सक्तीचा झाला आहे. लेप देण्यामागे कारण आहे. त्याने नत्र हळूहळू सुटतं, आणि अनुदानाचा युरिया भलत्याच कारखान्यात नेऊन वापरणं अवघड होतं. पण कवीच्या हाती हे पोतं लागलं असतं तर त्याने 'कडुनिंबाच्या छायेत' लिहायला मागेपुढे पाहिलं नसतं.

मला जे समजलं ते एवढंच. मुळांना वाचता येत नाही. नत्र शेणातून येवो की पोत्यातून, मूळ ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम झाल्यावरच आत घेतं. शेणातलं नत्र आधी जिवाणूंनी फोडावं लागतं म्हणून ते हप्त्याहप्त्याने मिळतं, युरियाचं एकरकमी. बँकेच्या भाषेत एक पेन्शन आणि दुसरी लॉटरी. पण गांडूळखताचा हिशेब नत्राच्या भावाने करणं म्हणजे आईच्या स्वयंपाकाचा हिशेब कॅलरीच्या भावाने करण्यासारखं आहे. ते माती भुसभुशीत करतं, पाणी धरतं, जिवाणू पोसतं. १४९ रुपये त्याचे होते. पिशवीने तसं साध्या शब्दांत सांगितलं असतं तर मी भांडलोही नसतो. आणि एक व्यावहारिक गोष्ट: पिशवीवर 'सेंद्रिय' आणि मागे '१९:१९:१९' असं एकत्र दिसलं तर ती पिशवी तिथेच ठेवून चालू लागा. शेण, पेंड, हाडं, मासळी, काहीही कुजवून तिन्ही अन्नद्रव्यं एकोणीस टक्क्यांना जात नाहीत. ओंजळीतल्या कोंबाचं तोंड बघून तरी नाही.

आपण सरावाने खाण्याच्या जिनसांवरचं जैविक भारतचं चिन्ह शोधतो, तेही खतावर शोधायला जाऊ नये. ते अन्नासाठी आहे, त्यामागे शेताची तपासणी असते. खताच्या पिशवीवरचं पान कुणी तपासलेलं नसतं. ते चित्रकाराने काढलेलं असतं.

मोगऱ्याचं सांगायचं राहिलं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो. तिथे बाहेर रोपं विकायला बसलेल्या एका माळीमामांना मी मोबाइलवर झाडाचा फोटो दाखवला आणि आजवर काय काय घातलं त्याची यादी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"पाणी रोज घालता?"

"रोज. दोन वेळा."

"छाटला कधी?"

"छाटायचा असतो?"

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी एकेकाळी कर्जाच्या फॉर्मवर व्याजदराच्या जागी स्वतःची जन्मतारीख लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहत असे. "साहेब, मोगऱ्याला थंडीत कात्री लावायची. पानं काढायची, पाणी तोडायचं थोडे दिवस. जरा ताण बसू द्या. नुसतं खायला घालून कोण कामाला लागतंय?" बायको शेजारीच उभी होती. शेवटचं वाक्य तिने मला घरी येईपर्यंत दोनदा ऐकवलं.

मार्चअखेर कळ्या आल्या. खतखात्याने त्याचं श्रेय घेऊ नये असा घरात ठराव झाला.

आता सोसायटीचं. आमच्या इमारतीत गांडूळखताचा खड्डा आहे. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यसंधारण असं काही केलं की महापालिकेच्या सर्वसाधारण करात पाच टक्के सवलत मिळते. त्यामुळे गांडुळांपेक्षा खजिनदाराचं त्या खड्ड्यावर जास्त प्रेम. बोनमीलच्या प्रकरणानंतर 'तुम्हाला खतातलं कळतं' असं म्हणून समितीने तो माझ्या गळ्यात घातला. मी त्यात खरोखर लक्ष घातलं. भाजीचे देठ, आंब्याच्या साली, गणपतीतली निर्माल्याची टोपली, सुकी पानं. पावसाळा संपता संपता काळंभोर, मोकळं, पहिल्या पावसाच्या वासाचं खत निघालं, तब्बल सोळा पिशव्या. पिशव्यांवर काय लिहायचं यासाठी सेक्रेटरींनी सभा बोलावली.

चव्वेचाळीसपैकी एकोणतीस बिऱ्हाडं हजर होती. लिफ्टच्या दुरुस्तीला अकरा होती. एकाने 'सेंद्रिय' सुचवलं. दुसऱ्याने 'ऑरगॅनिक', म्हणजे भाडेकरूंनाही कळेल. 'नैसर्गिक' म्हणताच तिसऱ्या मजल्याने माझ्याकडे पाहिलं. एका आजोबांना 'वेदिक' हवं होतं. त्यांच्या नातवाने गांडुळाचं शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा असून त्यातल्या फेटिडाचा अर्थ 'दुर्गंधी' आहे अशी माहिती फोनवर शोधून दिली, ती इतिवृत्तात घेऊ नये असं ठरलं. 'जैविक' आणि 'सेंद्रिय' यांत फरक काय, हे मी समजावून सांगायला उभा राहिलो आणि व्होलरपर्यंत पोचलो, तेव्हा सेक्रेटरींनी चहा मागवला. हिरवं पान काढावं की नाही यावर मतदान झालं. समसमान मतं पडली.

शेवटी रात्री पावणेअकराला वॉचमनने, त्याला खाली गेट बंद करायचं होतं म्हणून, मार्कर घेतला आणि सोळाही पिशव्यांवर लिहून टाकलं: 'खत. रविवारच्या आत न्यावे. पिशवी परत आणून द्यावी.'

शनिवारी संध्याकाळी एकही उरली नव्हती. सात पिशव्या अजून परत आलेल्या नाहीत.